परतीच्या लिफाफ्यावरचा पत्ता

सर, तुमचा आवाज आठवायला आता मनातल्या मनात परतूरच्या शाळेच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. तेव्हा मासिकाकडे गोष्ट पाठवताना तिकीट लावलेला, आपलाच पत्ता लिहिलेला लिफाफा सोबत जोडावा लागे. नापसंत गोष्ट त्यातून परत येई. माझी पहिलीच गोष्ट अशी परत आली आणि पडली नेमकी वडिलांच्या हातात. ते कापसाच्या बाजारात तोलाईवर होते. भर पंगतीत म्हणाले, "काय लेखक, माल वापस आला?" सगळे हसले. त्यानंतर मी लिहायचो आणि ट्रंकेत दडवायचो.

दडवलेली वही एकदा तुमच्या हाती आली. ती वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि चिडलात. "इतकं भेऊन राह्यला, मंग लिहितो कशाला रे? परतीच्या लिफाफ्यावर माझा पत्ता टाक. आलं तर माझ्याकडं येईल. तू बिलकुल फिकीर करू नको." मी तसंच केलं. वर्षभरानं, पुण्याला पाठवलेली माझी गोष्ट औरंगाबादच्या मासिकात छापून आली. ही तिकडे कशी गेली, असं तुमच्या घरी येऊन विचारलं, तर काकूंनी वाढलेली भाकरी मोडत तुम्ही म्हणालात, "फिरत फिरत गेली." परत आलेली गोष्ट तुम्ही गुपचूप पुढे पाठवत होतात.

मग तुम्ही गेलात आणि मी निर्लज्जासारखा तुमचाच पत्ता टाकत राहिलो. नकार डोळ्यांसमोर नको होते. एक दिवस काकू आमच्या दारात आल्या. हातात तीन लिफाफे, माझ्या अक्षरात तुमचं नाव. "पोस्टमन यांचं नाव घेऊन हाक मारतो रे. वाटतं, कुठं परगावी गेल्तेत अन् तिथून पत्र धाडलंय. मंग तुझं अक्षर दिसतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

तेव्हापासून माझाच पत्ता घालू लागलो. पुढे नवीन जालना भागातल्या खोलीत परत आलेली पाकिटं एकट्यानं फोडली, पुन्हा पाठवली. काय आलं म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. लोक मला धीट समजतात. अजूनही टपाल आलं की पाकीट आधी उलटं ठेवतो, सर.

हे पत्र कुठं पाठवणार? एकच सांगायचं होतं. त्या तिनातले दोन लिफाफे मी उघडले. तिसरा तसाच ठेवलाय. दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडू नये, असं स्वतःला सांगतो. खरं म्हणजे तो फोडला, तर तुमच्या नावाचं, तुमची वाट पाहणारं काहीच उरणार नाही माझ्याकडे.