कवडूले काय सांगितलंस?

॥ श्री ॥
फुलचूर, ता. १२ डिसेंबर १९४१

चि. चैतराम यास शामकलेचे अ. उ. आ. हे पत्र कलकत्त्याच्या पत्त्यावर टाकत आहे. जहाज सुटायच्या आत हाती पडलं तर बरं.

इकडे खळ्यात धानाची चुरणी चालू आहे. आमचे मालक, म्हणजे तुझे भाटवे, थंडीनं खोकून राहिले आहेत. माझी भावजय, तुझी प्रेमिला, बरी आहे, आरशापुढून उठली की काम करते.

परवा तुम्हाले गाडीत बसवायले आले तेव्हा गोंदिया स्टेशनच्या भिंतीवर सरकारी कागद लागलेला दिसला. वर मोठी मोठी इंग्रजी आणि खाली मुंगीएवढी हिंदी. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. एकेक अक्षर जोडत बसले, ते जोडून होईपर्यंत तुमची गाडी सिग्नलच्या पार. कागदात लिहिलं आहे की जपानसंग लढाई पेटली आहे, रंगूनकडे कोणी जाऊ नये, जो जाईल तो आपल्या जोखमीवर जाईल, त्याले परत आणायची हमी सरकार देत नाही. तू तर सातवी पास. कागद वाचून तू हसलास ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काऊन गा? तुझ्या बिड्या नाही गेल्या तर रंगूनचे हमाल काय उपाशी मरतात?

तुले मरायचं असेल तर तू जाणता आहेस. पण कवडूले कायले नेलं? समुद्राच्या हवेनं बिड्या ओल्या होतात, तिकडे पुन्हा शेकायले आपल्या भट्टीवरचा माणूस पाहिजे, हे मले समजते. पण तोही, एक अक्षर वाचता येत नाही तरी, त्या कागदापुढे मान वर करून उभा होता. त्यानं तुले काही विचारलं, तू त्याच्या कानाशी काही बोललास, त्यानं मान हलवली आणि गाठोडं घेऊन डब्यात चढला. त्याले काय सांगितलंस? बाकी काही लिहू नको, हे आधी लिही. त्याची रुख्मा रोज सूप मांडीवर घेऊन बिड्या वळते आणि म्हणते की तो कलकत्त्याले गेला आहे, लाखोळीचं पीक निघायच्या आत येते. मी तिले काय सांगू?

पत्र मिळताच माल तिथंच विक आणि दोघंही परत या. रागावलेल्या बहिणीचा लोभ कमी समजू नये.

तुझी, शामकला


॥ श्री ॥
रंगून, ता. १९ डिसेंबर १९४१

ती. शामकलाबाईस चैतरामचे शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र अगदी जहाजावर चढताना मिळालं. वाचून करमणूक झाली. बाई, तू स्टेशन मास्तर व्हायला पाहिजे होतीस.

इकडे सगळं ठाकठीक आहे. दुकानं उघडी, ट्राम चालू, बाजारात आपल्या मुलखातले लोक भेटतात. सरकारचे कागद म्हणजे कारकुनांना काम पाहिजे म्हणून असतात. प्लेगच्या साली किती कागद लागले होते, काय झालं? घरात बसून धंदा होत नाही. बिडीला इथे आपल्या तिप्पट भाव आहे.

कवडूची गंमत सांगतो. जहाज सुटल्यावर दुसऱ्या दिवशी तो कठड्याला धरून उभा होता. मला म्हणाला, मालक, ही गंगा लई रुंद आहे, पलीकडचा काठ काऊन दिसून नाही राहिला. सगळा डेक हसला. आता भट्टी मांडून बसला आहे, बिड्या छान शेकतो आहे. रुख्माला सांग, काळजी नको.

प्रेमिलेसाठी गाण्याचा बाजा घेतला आहे, कर्ण्याचा. भाटव्यांना नमस्कार. आपल्या मायेची छाया मजवर असू द्यावी.

आज्ञाधारक, चैतराम


॥ श्री ॥
रंगून, ता. २ जानेवारी १९४२

ती. बाईस शि. सा. न. वि. वि. जिवंत आहोत. नाताळच्या दिवसांत दोनदा विमानांनी बॉम्ब टाकले. मालाची वखार जळाली. रस्त्यात काय पाहिलं ते लिहीत नाही.

सरकारचा इथे पत्ताच नाही. साहेबलोकांच्या बायकापोरांना जहाजं मिळतात, आम्हाला कोणी विचारत नाही. भाटव्यांना म्हणावं, भंडाऱ्याला डिप्टी कमिशनर साहेबांकडे अर्ज करा की आमचा माणूस रंगूनला अडकला आहे, त्याला आणायची तजवीज सरकारनं करावी. ती सरकारची जबाबदारीच आहे. उशीर करू नये.

कवडू ठीक आहे. घरच्या सर्वांनी आठवण ठेवावी.

चैतराम


॥ श्री ॥
फुलचूर, ता. २४ जानेवारी १९४२

चि. चैतराम यास अ. उ. आ. तू जिवंत आहेस हे वाचून मी देवापुढे नारळ फोडला. फोडून झाल्यावर मले जो संताप आला तो आता लिहिते.

सरकारनं जाऊ नको म्हटलं तेव्हा सरकार म्हणजे कारकून. डोक्यावर बॉम्ब पडला तेव्हा सरकार मायबाप? भिंतीवर लिहिलं होतं की जो जाईल तो आपल्या जोखमीवर. ते वाचून तू हसला होतास ना? मंग आता त्या हसण्याचा अर्ज करतोस काय? साहेबांच्या बायकांले आधी जहाज देते ते सरकारचं पाप आहे, त्याचा जाब सरकार देईल. तुझा जाब तुले द्यावा लागेल.

तरी तुझ्या भाटव्यांनी अर्ज केला. खोकत खोकत भंडाऱ्याले गेले. जायच्या आधी अर्जात त्यांनी एकट्या चैतरामचं नाव लिहिलं होतं. मी विचारलं, कवडूचं काऊन नाही? म्हणाले, चैतरामनं पत्रात आमचा माणूस म्हणून एकच लिहिला आहे. मी तो कागद फाडला आणि दोघांची नावं लिहवून घेतली. आधी कवडूचं.

तुझी ती गंमत मी रुख्मासमोर वाचली. मले वाटलं ती हसेल. ती हसली नाही. वळता वळता तिचा हात थांबला आणि तिनं मले विचारलं की बाई, कलकत्त्याची गंगा एवढी रुंद आहे काय? तेव्हा मले उमगलं की त्याले रंगून हे नावच कोणी सांगितलं नव्हतं. तू त्याले फसवून नेलं, आणि वर लोकांले हसवलं. तुले हौस होती, तुले हाव होती, तू गेलास. त्याले काय होतं? तो तुझ्या भट्टीचा माणूस, तुझ्या शब्दावर गाडीत बसला.

मी विचारलं ते तू अजून लिहिलं नाहीस. स्टेशनवर त्याले काय सांगितलंस?

दोघांनी संग यावं. एकाचं तोंड पाहायची मले हौस नाही. माया आहे म्हणून एवढं लिहिलं, समजून घ्यावे.

शामकला


॥ श्री ॥
कलकत्ता, ता. २० फेब्रुवारी १९४२

ती. बाईस शि. सा. न. वि. वि. देवाच्या कृपेनं सुखरूप पोहोचलो. प्रेमिलेला सांग, घर सारवून ठेव, सत्यनारायण घालायचा आहे.

जहाजावर फार गर्दी होती. ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं खटपट केली म्हणून मला जागा मिळाली. डेकवर मजूर माणसांना घेत नव्हते, त्याला मी काय करणार? कवडूला आपल्याकडच्या लोकांच्या जथ्यासोबत पायी लावून दिला आहे. हजारो लोक डोंगरातून चालत निघाले आहेत, सोबत आहे, भिण्याचं कारण नाही. त्याला चादर दिली, वाटखर्च दिला. आसामात मणिपूर रोड म्हणून स्टेशन आहे, तिथे ते लोक उतरतात असं ऐकतो. एक-दोन महिन्यांत येईल.

माल सगळा गेला. एक पेटी आणि बाजा तेवढा वाचला. पंधरा दिवसांत घरी येतो. आशीर्वाद असावा.

चैतराम


॥ श्री ॥
फुलचूर, ता. २७ फेब्रुवारी १९४२

चैतराम यास,

आशीर्वाद यावेळी लिहीत नाही.

बाज्याले जहाजात जागा होती. कर्ण्याच्या बाज्याले! आणि जो माणूस तुझ्यासाठी समुद्रापार गेला त्याले डोंगर दाखवून दिला. चादर दिलीस म्हणतोस. ती चादर तू अंगावर घेऊन चालला असतास आणि जहाजावर तो बसला असता तर मी तुझ्या नावानं सत्यनारायण काय, गावजेवण घातलं असतं.

प्रेमिला सारवायले बसली होती. मी तिच्या हातातून शेणाचा गोळा घेतला आणि बाहेर टाकला. ती रडली. रडू दे. गावचे लोक येऊन म्हणतात की जाऊ दे शामकला, भाऊ वाचला हेच खूप. मी त्यांले म्हटलं, हे रुख्माच्या दारात जाऊन बोला. कोणी गेलं नाही.

रुख्माले मीच सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली, रोजच्याएवढ्या बिड्या वळल्या, आणि जाताना विचारून गेली की बाई, आसामले कोणत्या गाडीनं जातात. ऐकलंस? ती बाई जायले निघाली आहे. तिले मी अडवून ठेवलं आहे, कारण हे तिचं काम नव्हे.

हे तुझं काम आहे. कवडू आल्याशिवाय तू या दारात पाय ठेवायचा नाही. कलकत्त्याहून परत फीर आणि त्या मणिपूर रोडले जा. तिकडेही सरकार जाऊ नका म्हणत असेल. म्हणू दे. पैशासाठी गेलास तेव्हा तू कागद मानला नाहीस, आता माणसासाठी जायचं तर कागद आठवेल काय? या वेळी तुझी बहीण जा म्हणते. जोखीम तुझी, आणि यावेळी ती एकट्याची ठेव. कोणाले संग नेऊ नको.

आणि मी विचारलं ते अजून बाकी आहे.

शामकला


॥ श्री ॥
मणिपूर रोड, ता. ११ एप्रिल १९४२

ती. बाईस शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बाजा विकला आणि इकडे आलो.

रोज माणसं डोंगरातून उतरतात. चेहरे ओळखू येत नाहीत. मी छावणीत पाणी वाटतो आणि प्रत्येकाला विचारतो की गोंदियाकडचा कवडू पाहिला काय, भट्टीच्या चटक्यांचे डाग हातांवर आहेत. कोणी नाही म्हणतात, कोणी नुसतेच पाहतात. वाटेत पटकी आहे. इथल्या साहेबानं पुढे जायला सक्त मनाई केली आहे. लॉरीवाले ओळखीचे झाले आहेत, त्यांच्यासोबत आत जाईन म्हणतो. मला स्वतःला ताप येतो आहे, पण उतरेल.

स्टेशनवर कवडूला काय सांगितलं ते तू विचारतेस. मला लिहवत नाही. भेटलो तर सांगेन. प्रेमिलेला सांभाळ. पुन्हा आशीर्वाद लिहावास एवढंच मागतो.

चैतराम


॥ श्री ॥
फुलचूर, ता. २ मे १९४२

चि. चैतराम यास शामकलेचे अ. उ. आ.

पुढे जाऊ नको. कवडू आला.

तो तुझ्या रस्त्यानं आलाच नाही. दुसऱ्या डोंगरातून समुद्रकाठी उतरला, होडीनं चितगावले आणि तिथून गाडीनं. जथ्यातले निम्मे लोक वाटेतच राहिले म्हणतो. वाळून काटकी झाला आहे, एका पायाची बोटं गेली आहेत. गोंदियाहून फुलचूरले चालत आला, रुख्माच्या पुढ्यात उभा राहिला, तर तिनं ओळखलं नाही, भिकारी समजून मूठभर तांदूळ आणले. मंग हातांवरचे डाग पाहिले आणि ते तांदूळ तिथंच सांडले.

आता पुढचं नीट वाच. चार दिवस भाजीभाकर पोटात गेल्यावर कवडूनं तुझी विचारपूस केली. मी सांगितलं, तुलेच शोधायले मणिपूर रोडले गेला आहे, तापानं पडला आहे. तर हा बावा उठला, गाठोडं बांधलं आणि म्हणाला की मालकांले तिकडचा रस्ता नाही माहीत, मी जाऊन आणतो. रुख्मा दारात आडवी झाली, हा ऐकेना. मी म्हटलं, ठीक, चाल, तुले स्टेशनवर सोडून देते. रेंगीले बैल जुंपले.

स्टेशनच्या भिंतीवर तो कागद अजून आहे, उन्हानं पिवळा झाला आहे. मी कवडूले त्याच्यासमोर उभं केलं आणि बोट ठेवून ठेवून सगळा वाचून दाखवला. लढाई आहे. जाऊ नये. जो जाईल तो आपल्या जोखमीवर. परत आणायची हमी नाही. मले वेळ लागला, मागं लोक जमले, लागू दे. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मंग म्हणाला, असं लिहून असेल तर मी नाही जात बाई. गाठोडं उचललं आणि रेंगीत येऊन बसला.

चैतराम, तेवढंच होतं. तवा त्याले कोणी वाचून दाखवलं असतं तर तवाही तो एवढंच म्हणाला असता, आणि त्याची बोटं त्याच्या पायाले असती.

मी त्याले वाटेत विचारलं. तो म्हणाला, मालकांनी सांगितलं होतं की कागदात लिहिलं आहे, गाडीत थुंकू नका. म्हणून तो कलकत्त्यापर्यंत तोंडात तंबाखू धरून बसला होता, एकदाही थुंकला नाही. आपल्यामुळं मालकांले दंड पडू नये म्हणून.

हे ऐकून मी रेंगी थांबवली. थोडा वेळ मले पुढचा रस्ता दिसून नाही राहिला.

तू गेलास, शोधलंस, तापानं पडलास, हे मी लिहून घेतलं. पण त्यानं मागचं पुसलं जात नाही. बरा झालास की ये, आपल्या पायानं ये, कोणी आणायले येणार नाही. आल्यावर आधी आपल्या घरी नाही, रुख्माच्या दारात जायचं, आणि कागदात काय लिहिलं होतं ते त्या दोघांले तुझ्या तोंडानं सांगायचं. मी बाजूले उभी राहीन. मंग प्रेमिला घर सारवेल.

राग आहे तसाच आहे आणि भाऊही एकच आहे, हे ध्यानात ठेवून औषध वेळेवर घेत जावे.

तुझी बहीण,
शामकला