दोन्ही बाजूंचा विषय

सर, काल विषय ठरला. देशभरातल्या कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेसाठी वर्षाला एकच विषय असतो आणि तो सरकारच्या एखाद्या धोरणाबद्दल असावा लागतो. आसामची पोरं तोच बोलतात, केरळचीही तोच, एका फेरीत बाजूनं आणि दुसऱ्या फेरीत विरोधात. तो विषय निवडणाऱ्या समितीवर यंदा मला घेतलं होतं. बैठक दिल्लीची, पण मी नांदेडला आमच्या कॉलेजात, राज्यशास्त्र विभागाच्या खोलीत संगणकासमोर बसून होते. कुणाला सांगावं असं मनात आलं तेव्हा पहिले तुम्हीच आठवलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी तुम्हीच आठवता.

भूकंपानंतर मामानं मला लातूरला आणलं आणि तुमच्या वर्गात बसवलं. थोरला भाऊ घराखाली गेला होता. आई-बाबा गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि मी शाळेत कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही इतिहास शिकवायचात. मुद्द्याला मुद्दा न म्हणता दलील म्हणायचात, आणि पोरं मागून तुमची नक्कल करायची. त्या साली शाळा-शाळांच्या स्पर्धेला विषय आला होता, विज्ञान शाप की वरदान. तुम्ही तो कागद उलटा ठेवला. हेडमास्तरांच्या खोलीत तुमचा आवाज चढला तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. "पडलेली गावं जुन्या जागी बांधायची की नव्या, हे सरकार आत्ता ठरवून राहिलंय साहेब. ज्यांची गावं गेली त्यांची पोरं आपल्या शाळेत बसलीत. त्यांनी शाप-वरदान करत बसायचं का?" हेडमास्तर म्हणाले, "जखम ताजी आहे हो." तुम्ही म्हणालात, "मग त्या पोरीलाच विचारतो. ती नको म्हणाली तर न्हाई." आणि बाहेर येऊन खरंच मला विचारलंत. मी मान डोलावली. म्हटलं, चालेल, पण मी जुन्या गावाच्या बाजूनं बोलणार. स्पर्धा भरवणाऱ्यांनी तुमचं ऐकलं आणि विषय बदलला. तुम्ही मात्र मला दुसरी बाजू दिलीत. गाव नव्या जागी न्यावं, ही.

मी चिडले. जिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता ती मी, वर्गासमोर ओरडले, "माझा भाऊ तिथं हाय सर! त्याला टाकून जायचं असं मी बोलू?" तुम्ही मला दटावलंत. आवाज न वाढवता, पण असं की अजून कानात आहे. "बेटा, तुझी बाजू तुला पाठ हाय. ती तू पारखून कुठं घेतली? पलीकडच्याची दलील त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखव, मग आपल्या बाजूला परत ये. कोण अडवतं?" मग म्हणालात, रविवारी गावाकडं जा आणि लोकांना विचारून ये.

मी जाते. शेडमध्ये आई भाकरी थापते आहे, बाबा पत्र्याला पाठ लावून बसलेत. विषय शाळेचा आहे असं सांगून मी विचारते, गाव हलवावं का? मला वाटतं बाबा मला हाकलून देतील. बाबा मातीवर तळहात टेकतात. मग म्हणतात, "जावं म्हनतो मी. ह्या मातीवर मला झोप लागंना." आईचा हात परातीतच थांबतो. "मला न्हाई सांगितलं कधी," ती म्हणते. "मी न्हाई जायची. नव्या गावात सरकार नंबर टाकून घर देणार. शेजाराला कोन येईल, काय ठावं? अन् रान किती लांब पडंल!" बाबा म्हणतात, "मग तू तरी कधी बोललीस?" भूकंपापासून त्या दोघांनी पोराचं नाव घेतलं नव्हतं. त्या दुपारी घेतलं. भांडले, रडले, भाकरी करपली. मी मधे बसून दोघांचं ऐकत राहिले.

त्यानंतर स्पर्धेत मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंच आहे. ढाल आमच्या शाळेला आली. मुलांनी मला उचललं नाही, मुलगी होते ना, पण सगळ्या रस्त्यानं ढाल माझ्याच हातात दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या भावाच्या शिलाईच्या दुकानातून नवा शाळेचा फ्रॉक आणलात, दोन्ही बाजूंनी खोल खिसे शिवलेला. "बोलणाऱ्याला हात ठेवायला जागा पाहिजे," म्हणालात. लातुरात तेव्हा मुलींच्या फ्रॉकला खिसे मी दुसरे पाहिले नाहीत.

काल समितीसमोर अवकाश संशोधन होतं, समाजमाध्यमं होती, नद्या जोडण्याचं होतं. मी माझा विषय ठेवला: प्रवेश परीक्षांसाठीच्या खासगी शिकवणीवर देशानं कायद्यानं बंधन आणावं का. मोठ्या शहरातले एक प्राध्यापक हसले. "मॅडम, तुम्ही लातूरच्या ना? तुमच्या शहराचं पोट त्यावर चालतं." मी म्हणाले, "म्हणूनच." तुम्ही गेलात तेव्हा क्लासचं पेव नुकतं फुटत होतं. आता चौकाचौकात गुण मिळवलेल्या पोरांचे चेहरे लावलेले असतात. मामाच्या वरच्या मजल्यावर देगलूरच्या, भोकरच्या पोरी भाड्यानं राहतात, डबा खातात, पहाटे ऑटोत कोंबून क्लासला जातात. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण विषय एकतर्फी होईल. क्लासच्या बाजूनं कोण काय बोलणार?"

तिथं मी उठून उभी राहिले. संगणकासमोर उभं राहण्याची काही गरज नव्हती. मी क्लासच्या बाजूनं बोलले. भोकरच्या हमालाच्या पोरीबद्दल बोलले, जिच्या गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला मास्तरच नव्हता आणि जी मामाच्या वरच्या खोलीत राहून डॉक्टर झाली. बंधन आणलं तर शिकवणी बंद होणार नाही, ती फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाईल, असं म्हणाले. मग श्वास घेतला आणि उलट बाजूनं बोलले. त्याच खोलीतली दुसरी पोर, जी सहा महिन्यांत हसायचं विसरली आणि बाप न्यायला आला तेव्हा "मी नापास नाही झाले ना?" एवढंच विचारत राहिली. मी थांबले तेव्हा ते हसणारे प्राध्यापक म्हणाले, "आता मला कळेना मी कुठल्या बाजूचा." मी म्हटलं, "मग विषय चांगला आहे." शब्दांवर थोडी ओढाताण झाली. कुणीतरी 'शिकवणीचा धंदा' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. विषयातच निकाल असेल तर पोरांनी बोलायचं काय? मग पडद्यावर हात वर होऊ लागले, एकेक चौकोन, आणि माझा विषय मंजूर झाला. यंदा देशभरातली पोरं आपापल्या घरात हा प्रश्न विचारतील, सर. काही घरांत भाकरी करपेल.

हे पत्र कुठं पाठवणार? टेबलाच्या खणात राहील. एक मात्र सांगून टाकते. बैठक संपल्यावर मी संगणक बंद केला आणि खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या, चांगल्या मोठ्यानं. झाडणाऱ्या मावशी दारातून डोकावल्या, "मॅडम, कोनी पाहुनं आलंय का?" मी म्हटलं, "न्हाई." त्या गेल्या, आणि मी परत वाजवल्या.