जाईबाईंचा पाय

३ मार्च १९९७
ठाण्यातल्या स्कॅन सेंटरवर आज तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो. मशीन एवढं मोठं, की आत आणताना भिंत पाडली होती म्हणे! डॉ. मंदाकिनी केळकर मनाच्या आजाराच्या लोकांचे मेंदू तपासतात. पुष्कळांच्या मेंदूत पांढरे ठिपके दिसतात, ते का, हा त्यांचा अभ्यास. ताडून बघायला धडधाकट डोकी लागतात, म्हणून नव्या माणसाचा स्कॅन आधी काढायचा, असा इथला शिरस्ता. माझं डोकं कोरं निघालं. घरी सांगितलं तर नंदा म्हणाली, त्यासाठी मशीन कशाला हवं होतं? बायको असावी तर अशी!

७ मार्च
बाळकुमच्या जाईबाई कोळी आल्या होत्या. खाडीत बुडालेला नवरा त्यांना हाका मारतो. मशीनला घाबरून त्या थरथरत होत्या, म्हणून अर्धा तास त्यांचा पाय धरून उभा राहिलो. फोटोत डावीकडे पाच ठिपके, कोयरीसारख्या वळणात.

२६ मार्च
जाईबाई पुन्हा आल्या, हसतमुख. फोटो कोरा. ठिपके असे पुसले जात नाहीत, फिल्म बदलली असणार, म्हणून डॉक्टर माझ्यावरच उखडल्या. जाताना जाईबाईंनी हळूच विचारलं, "बाला, माना आता कोन हाक मारीत नाय. तुना मारतंय का?"
मी हसण्यावारी नेलं. गेले चार दिवस आंघोळीच्या वेळी कुणीतरी माझं नाव घेतंय, हे सांगितलं नाही.

२ एप्रिल
डॉक्टरांनी माझा स्कॅन काढला. डावीकडे पाच. तेच वळण. मला फार भीती वाटते.

४ एप्रिल
आता दिवसभर हाक. गळ्यात पाणी भरल्यासारखा आवाज. म्हणतो, तू धरलास तसा तुझा पाय कुणी धरला, की सुटशील. मशीनमध्ये असताना. कुणीही चालेल —

५ एप्रिल
सोमवारी पुन्हा स्कॅन. नंदा सोबत येणार म्हणून हटून बसली आहे. तिला नाही. काही झालं तरी तिला —

७ एप्रिल
बाहेर बाकावर लिहितोय. नंदा शेजारी. पुढचा नंबर माझा. तिला सांगायचंय, आत येऊ नकोस, मला हात लावू नकोस. शब्द जुळवतोय —
नंदा हसली. म्हणाली, अहो, एवढी काकुळती कशाला, धरते की पाय.
मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्ह—