फोटोच्या खोलीतले तुझे हात

आये,

परवा नातवाला घेऊन छातीचा एक्स-रे फोटो काढायला गेले होते, इथंच घाटकोपरात. चार वर्षांचं पोर, मशीन बघून त्यानं भोकाड पसरलं. मी धरायला पुढे झाले तर तिथली मुलगी खेकसलीच, "आजी, बाहेर थांबा ना! तुम्हाला कशाला उगीच?" पोराच्या बापाला शिशाचा झगा चढवून उभं केलं आणि मला दाराबाहेर काढलं. एरवी मला कुणी हाकललेलं खपत नाही, तुला माहीत आहे. पण मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. सुनेला वाटलं, म्हातारी नातवासाठी घाबरली. तुला जाऊन तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुझ्यासाठी अशी कधी रडले नव्हते.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. तू त्या धर्मादाय इस्पितळात आया होतीस आणि मी मॅट्रिक झाल्यावर तुझ्याच शब्दावर फोटोच्या खोलीत लागले. चाळीत तू लेकीचं कौतुक सांगत फिरायचीस, "आमचा चेडू मशीन चालवता." मला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. नखं चिरलेली, बोटांची कातडी सुकलेल्या चामड्यागत. म्हणाले, "बघून ठेव. बटण दाबताना नेहमी भिंतीच्या मागे. आणि पेशंटला धरायला इस्पितळातल्या माणसानं जायचं नाही, नातेवाईक धरतील. त्यांचं एकदाच असतं, आपलं रोजचं." म्हणजे मला ठाऊक होतं, आये. अडाणीपणात झालं असं म्हणायची सोय मला नाही.

सर पुढे नोकरी सोडून गावी गेले आणि खोली माझ्या हाती आली. क्षयाची धास्ती घराघरात होती, रोज पाच-सहा तरी लहान पोरं छातीच्या फोटोला यायची. त्यांच्या आया त्या अंधाऱ्या खोलीत पोरांहून जास्त रडायच्या. पोर हललं की फोटो वाया, आणि फोटो वाया गेला की डॉक्टर माझी खरडपट्टी काढणार. मग मी दारातून तुला हाक मारते. तू हातातली बादली ठेवतेस, पदराला हात पुसतेस आणि पोराला घेतेस. काय करायचीस कोण जाणे, दोन क्षणांत ते गप्प. त्याचे दोन्ही दंड डोक्यावर धरून तू मशीनसमोर उभी राहायचीस आणि मी भिंतीमागे जाऊन बटण दाबायची.

शिशाचा झगा आमच्याकडे एकच होता. पहिल्या दिवशी मी तो तुला घातलाही. ते गार, ताठ रबर लागताच पोर किंचाळलं. तू झगा काढून माझ्याकडे फेकलास. "पोराक लुगड्याचो वास व्हयो. ह्यां तू घाल. तुझ्या पोटात जीव आसा. माझा काय, जा व्हवचा ता झाला." मला सहावा महिना होता. भिंतीमागे त्या झग्याची काही गरज नव्हती, भिंतीत शिसं होतंच. तरी मी तो घातला. बाळंतपणानंतर परत कामावर आले तेव्हाही सवयीनं मीच घालत राहिले, आणि तू लुगड्यात.

आणि बांगड्यांचं प्रकरण. फोटोच्या कडेला तुझ्या बोटांची हाडं उमटायची, आणि मनगटावरच्या काचेच्या बांगड्या तर लख्ख. डॉक्टरांनी एकदा फोटो उजेडाला धरला आणि माझ्यावर ओरडले, "हे काय आहे? पोराच्या छातीत बांगड्या?" मी तणतणत तुझ्याकडे आले, बांगड्या काढून ये म्हणाले. तू माझ्यावरच उसळलीस. "घोव जित्तो आसताना बांगड्यो काढू? याड लागला काय तुका?" शेवटी तोड काढली: बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या आणि वर चिंधी बांधायची. मी स्वतः बांधायची ती चिंधी, घट्ट. बांगड्या फोटोत येऊ नयेत म्हणून मी एवढी खटपट केली. हात येऊ नयेत म्हणून काही केलं नाही. किरणांची चौकट थोडी आवळायची होती, नाहीतर त्या पोरांच्या बापांना दटावून आत आणायचं होतं. पण बाप नीट धरत नसत, फोटो बिघडत, आणि तू हाकेसरशी येत होतीस. घरका जोगी जोगडा, दुसरं काय.

एकदा चिंधी सोडताना तू विचारलंस, "ह्येच्यान काय व्हता काय गो?" मी कागदावरून मान वर न करता म्हणाले, "काही होत नाही." तू लगेच मानलंस. मशीन चालवणारी लेक सांगतेय म्हटल्यावर तू कशाला शंका घेशील? मग तुझ्या बोटांना चिरा पडू लागल्या, भाकरी थापताना पीठ झोंबायचं. तू फिनेलला शिव्या घालायचीस आणि मी खोबरेल तेलाची वाटी पुढे करायची. पुढच्या वर्षांत अंगावर उगाच काळेनिळे डाग, धाप, हिरड्यांतून रक्त. रक्त बनणंच थांबलंय, डॉक्टर म्हणाले. तुझं फोटोच्या खोलीत उभं राहणंच त्याला कारण होतं का, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. कितीजणींना असलं काही न करता हा आजार होतो. मी या वाक्याला तीस वर्षं लटकून राहिले आहे.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे सगळं मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढचं मी वाचताना गाळलं असतं. परळच्या मोठ्या इस्पितळात तुला दाखल केलं, तेव्हा एक तरुण डॉक्टर केसपेपर भरत होता. तू खाटेवर डोळे मिटून पडली होतीस. त्यानं मला विचारलं, "यांनी कुठं काम केलंय का? कारखान्यात, इस्पितळात?" चांगला मुलगा होता, पेन थांबवून माझ्याकडे बघत होता. इस्पितळात म्हटलं असतं, तर त्यानं कुठल्या खोलीत ते विचारलं असतं. मग बटण कोण दाबायचं, तेही.

मी म्हणाले, "नाही हो. घरीच असते."

त्यानं तसं लिहिलं. तू तेव्हा डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस, आणि त्याला म्हणालीस, "व्हय, घराकच."