ओमुर्झाकने माझ्यासाठी दुआ मागू नये

मी, उलकान बेकबोएवा, मयत असानगुल यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार सारी-कामिश गाव, नारिन खोरे, पूर्वी जनावरांची डॉक्टर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला जो आला होता, त्याला मी चहासुद्धा न विचारता दारातून परत धाडले. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर मुलाच्या नावे होते.

कलम पहिले. माझे घर, अंगण व गोठा मी सून गुलसुन हिला देते. घर मुलाला जाते ही रीत मला कोणी शिकवू नये. मुलगा नुरदिन जिल्हा साहेबाची गाडी चालवतो. ती नोकरी त्याला कशाबद्दल मिळाली ते पुढे येईलच. त्याने आपल्या बायकोच्या घरात पाहुण्यासारखे राहावे, आणि नीट वागल्यास तिने त्याला राहू द्यावे. अट एकच: पुढची खोली दर शुक्रवारी गावासाठी उघडी राहील आणि चहाचा समोवार तापलेला असेल.

याचे कारण लिहिणे भाग आहे. राजधानीतून हुकूम आला की सुशासन आणि राज्यघटनेतील सुधारणा यांवर राष्ट्रीय संवाद व्हायचा आहे, प्रत्येक गावाने आपले म्हणणे कळवावे. हुकूम आला तसा लोक विसरले. मी विसरले नाही. या खोलीत हिवाळाभर मी मेंढपाळांना, बायांना, शाळेच्या मास्तरांना बोलावून बसवले. पहिले काही शुक्रवार नुसती भांडणे झाली. एकाने दुसऱ्याच्या आजोबाने चोरलेली मेंढी उकरून काढली. पण भांडून भांडून शेवटी एका गोष्टीवर सगळ्यांचे जमले: गावचा प्रमुख जिल्ह्याने नेमू नये, गावाने निवडावा, आणि ते घटनेत लिहिलेले असावे. मागच्या नेमलेल्या प्रमुखाने आमचे उन्हाळी कुरण परस्पर भाड्याने दिले होते. त्या वर्षी मी उपाशी मेंढ्या तपासल्या आहेत. सुशासन म्हणजे काय ते मला कोणी भाषणातून सांगू नये.

कलम दुसरे. माझे दीर ओमुर्झाक यांना माझ्या पेटीतील घोडे खच्ची करण्याचा चिमटा द्यावा. लोखंड चांगले आहे. त्यांनी एका दुपारी सगळ्या गावाचे जे केले, ते त्यांनी हत्याराशिवाय केले. पुढच्या वेळी सोय असावी.

झाले ते असे. जिल्हा साहेब गावाचे म्हणणे ऐकायला माझ्या याच खोलीत सभेला आले, सोबत कापायला मेंढा घेऊन आले. मी अंगणात कढईपाशी होते. आत गुलसुन उभी राहिली. गावाने तिला निवडले होते, कारण तिचा आवाज खणखणीत आणि डोके थंड. "आमच्या गावाचं म्हणणं असं आहे," एवढे ती बोलली. नुरदिन म्हणाला, "खाली बस गं, मोठी माणसं बसलीत." ती बसली नाही. तेव्हा भावजींनी, म्हणजे गावातल्या सर्वांत वडील माणसाने, दोन्ही तळहात वर धरले आणि दुआ सुरू केली. देशात सुख नांदो, कुरणे हिरवी राहोत, साहेबांना आयुष्य लाभो. आता वडीलधाऱ्याने हात वर केल्यावर कोण गप्प बसणार नाही? जन्माची सवय. सगळ्यांचे हात वर गेले, आमीन झाले, तोंडावरून हात फिरले. आणि दुआ झाली की बैठक संपली. त्यानंतर कोणी बोलत नाही, उठून जोडे घालतात. मी परात घेऊन आत येते तो निम्मे गाव दारात.

"अहो, मुलीनं अजून वाचलंच नाही!" मी ओरडले.

"वहिनी, दुआ झाली," भावजी म्हणाले. "आता काय बोलायचं?"

साहेबांनी वर कळवले की सारी-कामिश गावाची कसलीही मागणी नाही, आहे ते सर्वांना पसंत आहे. महिन्याभरात भावजी नेमलेले प्रमुख झाले आणि नुरदिनला गाडीची किल्ली मिळाली. गावाने मला सांगितले, "जाऊ दे उलकान, दुआ मोडून बोलणं बरं नाही." अरे मेल्यांनो, देवाचे नाव घेऊन तोंडाला कुलूप लावले आणि तुम्हाला ते पुण्य वाटले!

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक, लोकरीच्या नमद्याचे गालिचे व समोवारही गुलसुनला. इंजेक्शनची पेटी मास्तरांना. त्यांना सुई धरता येते आणि ते घाबरत नाहीत.

कलम चौथे. याला नोटरीबाईंची हरकत होती. त्या म्हणाल्या, "मावशी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "बाई, माझ्याच मरणाचं जेवण, मग माझ्या मृत्युपत्रात नाही तर कुठं बसणार?" त्या हसल्या आणि लिहून घेतले.

मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला करडी घोडी आणि एक मेंढा कापावा. सगळ्या गावाला बोलवावे, शत्रूंना आधी. मेंढ्याचे डोके भावजींना द्यावे, मान त्यांचाच आहे. जीभ मात्र आधी कापून गुलसुनला द्यावी. बोलणाऱ्या मुलीला जीभ देण्याची आपली जुनी रीत आहे.

दुआ भावजींनी मागू नये. ती गुलसुन मागेल, आणि जेवण होताच मागणार नाही. आधी ती त्या दिवशी राहिलेले म्हणणे पूर्ण वाचेल. मग एकेकाला विचारेल: गावचा प्रमुख कोणी ठरवावा, जिल्ह्याने की गावाने? प्रत्येकाने आपले नाव घेऊन मोठ्याने उत्तर द्यावे. सगळ्यांची उत्तरे झाली की मगच दुआ. पहिले उत्तर भावजींचे. गावांची म्हणणी गोळा करणाऱ्या राजधानीतील समितीचे काम अजून संपलेले नाही, उत्तरे गुलसुनने थेट तिकडे धाडावीत. जिल्ह्याच्या हाती देऊ नयेत.

कोणी गप्प राहिल्यास त्याला जबरदस्ती करू नये. चहा देत राहावे. मी नवी नवरी असताना पहिल्याच जेवणात दुआ व्हायच्या आधी पाणी आणायला उठले, तेव्हा भावजींनी साऱ्या घरादेखत माझा हात धरून मला खाली बसवले होते आणि म्हणाले होते, "वहिनी, दुआ झाल्याशिवाय आपल्यात कोणी उठत नाही."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, एक शब्दही मऊ केलेला नाही.

सही: उलकान बेकबोएवा

साक्षीदार:
१. साबिरा मोल्दोकुलोवा, शेजारीण
२. कान्याबेक तिलेकोव, शाळामास्तर (इंजेक्शनची पेटी नको असे मी सांगितले होते, म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं?" सबब कलम तिसरे माझ्या हरकतीसह साक्षांकित.)

स्थळ: सारी-कामिश
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२३