कपाटावरची बॅग

पोर्टलीश, आयर्लंड, नोव्हेंबर २०१७, मंगळवार

आज कपाटावरची बॅग शेवटी खाली काढली. वर्ध्याला शाळेत असताना वाचलेली ती अनुवादित कादंबरी तिच्यात होती. गवताळ माळावरच्या एवढ्याशा गावात वाढणाऱ्या मुलाची. लेकीला, ईराला, यंदा शाळेत तीच लागली आहे, इंग्रजीतून. म्हटलं, आपली प्रत वाचून दाखवू. किती वर्षं या दिवसाची वाट बघत होते मी!

दोन पानं ऐकली तिने. मग म्हणाली, "इट्स ग्रँड, आई. आय विल जस्ट रीड माइन."

इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक आहे'. यात चिडण्यासारखं काय आहे? देवनागरी तिला येतच नाही. भारतात परत गेल्यावर शिकेल, असं ठरलं होतं ना.

संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "पुस्तकातलं ते गाव अगदी आपल्या पोर्टलीशसारखं आहे, वाचताना रडले मी." मला का नाही सांगितलं हे? मला तर ते वर्धाच वाटायचं. तोच वारा, तीच धूळ. तिला पोर्टलीश वाटलं. म्हणजे हेच तिचं गाव. लहानपणही इथेच झालं, होऊनही गेलं. आणि मी? यांचं हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की निघायचं म्हणून ती बॅगसुद्धा कधी पूर्ण रिकामी केली नाही.

पुस्तक परत बॅगेत टाकलं, बॅग परत कपाटावर. उद्या ईराने या गावाची गोष्ट लिहिली, तर तिच्यात मी कोण असेन? उठताबसता "आपण परत जाणार" म्हणणारी आई. नुसती म्हणणारी.