खांद्यापासून दोन बोटं खाली

वृंदावन योजना, लखनौ
२१ जानेवारी

तीर्थरूप अरुणाताईस,

धाकट्या नंदूचा वाकून नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग (नमस्कार सांगावा, पत्र दाखवू नये, कारण पुढे कळेल). तुझे गुडघे कसे आहेत? मिरजेला आता छान कोवळं ऊन पडत असेल. इथे सूर्य ही गेले अकरा दिवस एक ऐकीव गोष्ट आहे. सकाळी धुकं असतं, बारा वाजता त्या धुक्याचं पातळ ताक होतं आणि दोनच्या सुमारास गच्चीवर पितळेच्या रंगाचं थोडंसं ऊन उतरतं. मग सगळं सेक्टर खुर्च्या, शेंगदाणे आणि मटार सोलायच्या पराती घेऊन गच्चीवर चढतं आणि बसल्या बसल्या पेंगतं. मीही तिथूनच लिहितोय. एखादी ओळ मधेच उतरणीला लागलेली दिसली, तर तिथे माझा डोळा लागला होता असं समजावं.

पत्र पाहून तू दचकली असशील. फोनच केला असता, पण तुझा फोन दाजी उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि शेजारच्यांना "या, लखनौहून आहे" म्हणून बोलावतात. हे प्रकरण शेजारच्यांसाठी नाही. तर, संपदा मजेत आहे. (हे वाक्य दाजींना वाचून दाखवायला हरकत नाही.) आता तुझ्यासाठी: तुझी लेक आता मजेत आहे. मधे नव्हती. नोव्हेंबरात तिने एकाएकी "मला घरी यायचंय" असा फोन केला, तेव्हा तुम्ही थंडीवर ठपका ठेवलात आणि आम्हीही तो राहू दिला. खरं कारण थंडी नव्हती. खरं कारण एक खांदा होता.

तो खांदा इंद्रजित श्रीवास्तवांचा. हे आमचे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी, रेल्वेतून निवृत्त, सत्तरीचे, आणि इतके अदबशीर की रिक्षावाल्याला डावीकडे वळ म्हणण्याआधी त्याची माफी मागतात. बायको गेल्यापासून एकटेच असतात. त्यांना जगात एकच नाद आहे, पतंगाचा. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं, त्याला जमघट म्हणतात. त्या दिवशी श्रीवास्तवजी सकाळी चढतात ते दिवेलागणीला उतरतात. मी त्यांना उडवताना पाहिलंय. डोळे अर्धे मिटलेले, हात वर, आणि पतंग इतका लांब गेलेला की दोर कशाला बांधलाय तेच कळू नये. त्या वेळी ते आपल्यातले वाटत नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात संपदा नर्स आहे त्या क्लिनिकमध्ये (आलमबागेत, डॉक्टर पद्मिनी रस्तोगींचं, दुसऱ्या मजल्यावर) ज्येष्ठांसाठी फ्लूची लस आली. श्रीवास्तवजी कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते, जाता जाता लस घ्यावी म्हणून थांबले. अंगात कडक इस्त्रीचा, चिकनच्या भरतकामाचा कुर्ता. बाही वर सरकेना. कुर्ता काढून बायकामाणसांसमोर बनियनवर बसणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. मग त्यांनी गळ्याची बटणं सोडली आणि गळा बाजूला ओढून खांद्याचं टोक तेवढं बाहेर काढलं. ते बसलेले, संपदा उभी, मागे रांग आणि रांगेत खोकला. जे दिसत होतं तिथे तिने टोचलं. आणि दिसत होता तो फक्त खांदा. दंड बिचारा कुर्त्याच्या आत होता.

ताई, हे शास्त्र मला आता पाठ झालंय, तेव्हा ऐकून घे. खांद्याच्या टोकाला जे हाड लागतं ना, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, आणि काखेच्या रेषेच्या वर, दंडाच्या बाहेरच्या अंगाला एक गुबगुबीत स्नायू असतो, उलट्या त्रिकोणासारखा. सुई जायची ती त्याच्या मधोमध, सरळ, तिरपी नाही. त्याच्या वर गेली की सांध्यात घुसते आणि सांधा रुसतो. फार खाली गेली तर तिथे एक शीर असते, ती रुसते. बँकेत एकतीस वर्षं काढून जेवढी अक्कल आली नाही, तेवढी मला या तीन बोटांनी दिली.

श्रीवास्तवजींचा सांधा रुसला. दोन दिवसांत हात खांद्याच्या वर जाईना. पण गृहस्थ बोलतील तर शपथ! मी कुंपणावरून विचारलं तर "अरे साहब, बिटिया का हाथ तो फूल है, पता ही नहीं चला" म्हणाले, आणि हे म्हणताना चहाचा कप डाव्या हातात. (मला तेव्हाही काही कळलं नाही. मला कप दिसला की मी चहाचाच विचार करतो.) कळलं ते संपदाला, आणि तेही जमघटच्या दिवशी. आम्ही गच्चीवर होतो. आकाशात इतके पतंग की त्यांची सावली हलताना वाटे घरंच हळूहळू कुठेतरी निघालीयत. आणि शेजारच्या गच्चीवर श्रीवास्तवजी खुर्चीत बसून दुसऱ्यांसाठी फिरकी धरत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, पाहुण्यासारखा. संपदाने ते पाहिलं. मग कठड्याशी जाऊन तिने विचारलं, "अंकल, हाथ ऊपर कीजिए ज़रा." ते हसले, "आज मन नहीं है बेटा." तिने पुन्हा म्हटलं. त्यांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला, आणि चेहरा मात्र हसत राहिला. ताई, तो हसरा चेहरा तिला फार लागला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टर पद्मिनींना सगळं स्वतःहून सांगितलं. त्यांनी श्रीवास्तवजींना बोलावून हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, औषध आणि व्यायाम सुरू झाला. संपदाला कुणी रागावलं नाही. पण तिने सिरिंज खाली ठेवली ती ठेवलीच. नावं लिहायच्या टेबलावर जाऊन बसली. सुरेखाने तिच्यासाठी पुरणपोळी केली तर म्हणाली, "मामी, मेरा मन नहीं." आपली मुलगी दुःख हिंदीत सांगायला लागली की समजावं, ते फार आत गेलंय. त्याच आठवड्यात तिने तुम्हाला तो फोन केला.

रोज संध्याकाळी मात्र ती श्रीवास्तवजींकडे जायची. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम असतो, तो ती त्यांच्याकडून करून घ्यायची. बोटं जिथवर पोचली तिथे पेन्सिलीची खूण. डिसेंबरात खुणा स्विचबोर्डाच्या वर गेल्या, नाताळाला कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत. आणि घरी तिला दंडांचं वेड लागलं. बोलता बोलता समोरच्याचं हाड चाचपायची, तीन बोटं मोजायची आणि बॉलपेनने त्रिकोण काढायची. सुरेखाच्या दंडावर त्रिकोण, दूधवाल्याच्या दंडावर त्रिकोण, माझ्या तर दोन्ही दंडांवर. मी आंघोळीला जाऊन त्रिकोण पुसून यायचो, ती नवा काढायची. पण सुई हातात घ्यायची नाही.

शेवटी मीच म्हटलं, माझी लस राहिलीये, संपदा देणार असेल तर घेतो. (टाळ्या वाजवू नकोस. माझं आणि सुईचं काय आहे ते तुला माहीत आहे. मी सदतीस सेकंद धाडसी होतो, त्यात नेमकं हे वाक्य बाहेर पडलं.) सकाळी आठला ती स्वेटर घालून दारात उभी.

गेल्या गुरुवारी आम्ही तिघं आलमबागेला गेलो. धुकं असं की समोरची बस नुसती हॉर्नवरून ओळखायची. क्लिनिकमध्ये मला खुर्चीवर बसवलं आणि सोलायला सुरुवात झाली. शाल, जाकीट, स्वेटर, दुसरा स्वेटर, शर्ट आणि आतलं गरम बनियन. डॉक्टर पद्मिनी शांतपणे एकेक कपडा सुरेखाच्या हातात देत होत्या. पूर्ण खांदा उघडा झाल्याशिवाय सुई बाहेर निघणार नाही, असा तिथे आता नियमच आहे. संपदा माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तेव्हा त्या बाईंनी कोपऱ्यातलं एक स्टूल पायाने सरकवलं आणि म्हणाल्या, "बैठो. मरीज़ बैठा है तो तुम भी बैठो. खड़े होकर देखोगी तो कंधा ही दिखेगा." संपदा बसली. माझ्या दंडाच्या बरोबर समोर तिचे डोळे आले. मला हात मांडीवर सैल सोडायला सांगितलं आणि खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

खिडकीबाहेर, ताई, मेट्रो आली. तिथे ती खांबांवरून जाते, पण धुक्यात ना खांब ना रूळ. नुसते उजेड असलेले डबे हवेतून येत होते, आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा. खिडकीत मफलर बांधलेली माणसं बसली होती, सगळी डोळे मिटून. मला वाटलं, ही गाडी कुठे थांबणार नाही, अशीच कृष्णेवरून जाईल. स्पिरिटचा थंड वास आला. हाडावर बोट टेकलं, एक, दोन, तीन. डबे येतच राहिले. कितीतरी वेळाने मी विचारलं, "कधी टोचणार?" तर संपदा म्हणाली, "मामा, झालं. पंधरा मिनिटं बसा आता."

मी बसलो, आणि तेवढ्यात श्रीवास्तवजी आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कोटाच्या आत त्यांनी चक्क अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. या थंडीत! न्यूमोनियाची लस घ्यायची आहे म्हणाले. संपदा उठून उभी राहिली. म्हणाली, दुसऱ्या सिस्टर देतील. त्यांनी कोट काढला, डावा दंड तिच्याकडे करून बसले आणि म्हणाले, "दूसरी बाँह भी तो आप ही के पड़ोस की है, बिटिया. किसी और को क्यों दें?" ती रडली. मग डोळे पुसले, हात धुतले, स्टूल पुढे ओढलं, तीन बोटं मोजली आणि दिली. या गोष्टीला आज सहा दिवस झाले. श्रीवास्तवजींचे दोन्ही हात वर जातात. काल त्यांनी उजव्या हाताने चहा घेतला, आणि या वेळी माझ्या ते लक्षात आलं.

ऊन गेलं. पराती खाली निघाल्या. आता थांबतो. गुडघ्यांना जप.

तुझा,
नंदू

ता. क. आता खरं काम. तिच्या त्या फोननंतर दाजींनी तिकडे मित्राच्या ऑफिसात संपदासाठी जी टेबलाची नोकरी ठरवून ठेवलीय, ती रद्द करायला लाव. डॉक्टर पद्मिनी तिला सरोजिनी नगरच्या छोट्या दवाखान्यांमध्ये पाठवणार आहेत, नव्या मुलींना लस कशी द्यायची ते शिकवायला. तिला जायचंय. पण बाबांनी शब्द टाकलाय, आता कसं सांगू म्हणून कुढते. रविवारी ती फोन करेल. तू पहिल्यांदाच ऐकतेयस असं वाग. स्पीकर बंद ठेव.

ता. क. दुसरा. वन्सं, सुरेखाचा नमस्कार. पाकीट मी चिकटवते म्हणून घेतलं आणि वाचलं. संपदाचं लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे, तेवढं मनावर घ्याच. पण श्रीवास्तवजींची तिथली बोलणी यांनी ऐकलेली नाहीत, ती मी नंतर सांगितलेली. दंडातून सुई बाहेर निघताच हे शांतपणे डावीकडे कलले. मेट्रो बघत होते म्हणतात तेव्हा बाकावर आडवे होते, डॉक्टरीणबाईंनी पाय उशीवर ठेवलेले. ती मुलगी जराही घाबरली नाही, नाडी धरून बसली. मीच घाबरले. माझा हात घट्ट धरून हे पुटपुटत होते, "ताई, जाऊ नकोस ना, गुरुजींना सांग मी रडलो नाही." शाळेत देवी टोचायला आले होते, तेव्हाचं काहीतरी असावं. तुम्हाला ठाऊक असेल. मी म्हटलं, सांगते.